कॉलचा प्रकार नेटवर्कला कळतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नंबर बरोबर, लाइन चालू, समोरचं यंत्रही जागं, तरी कॉल लागत नाही. किंवा बोलणं अगदी स्वच्छ ऐकू येतं, पण फॅक्स दुसऱ्या पानावर दम तोडतो. अशा तक्रारींमध्ये लोक केबल बदलतात, कार्ड बदलतात, कंपनीला फोन करून भांडतात. आणि दोष निघतो कॉल सुरू करताना गेलेल्या दोन-तीन बाइटांत. हे पान त्या बाइटांबद्दल आहे. पीबीएक्स (कार्यालयाचं स्वतःचं एक्स्चेंज), गेटवे (दोन नेटवर्कांना जोडणारं यंत्र) किंवा ट्रंक (एक्स्चेंजला जोडणारी मोठी लाइन) सांभाळणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, पण टेलिफोनबद्दल नुसतं कुतूहल असलेल्यांनाही वाचायला हरकत नाही.

नंबर दिला की काम झालं ना? नेटवर्कला आणखी काय सांगायचं उरतं?

नंबर फक्त "कुठे" ते सांगतो. तांब्याच्या जोडीवरच्या जुन्या टेलिफोनीत तेवढं पुरायचं, कारण तारेवरून जे जायचं ते आवाजच असायचं. मॉडेमसुद्धा शिट्ट्याच वाजवायचा.

डिजिटल नेटवर्कमध्ये कॉल म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा. हे बिट म्हणजे माणसाचा आवाज असेल, फॅक्सचे सूर असतील, किंवा दोन राउटरमधला थेट डेटा असेल. बिटांकडे बघून नेटवर्कला हे ओळखता येत नाही. आणि वाटेत नेटवर्क बिटांशी बरीच छेडछाड करतं: प्रतिध्वनी काढतं, आवाजाची पातळी खाली-वर करतं, लांबच्या महागड्या मार्गावर आवाज दाबून अर्ध्या जागेत बसवतं, एका देशाच्या कोडिंगमधून दुसऱ्या देशाच्या कोडिंगमध्ये बदलतं. बोलणाऱ्यावर हे सगळे उपकारच आहेत. पण डेटाचा एक बिट जरी बदलला तरी फाइल खराब.

म्हणून कॉल करतानाच सांगावं लागतं की बिटांना हात लावला तर चालेल का, आणि किती. "कॉलचा प्रकार" हा शब्द ऐकून आत काय आहे याचं वर्णन डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात ती नेटवर्कला दिलेली परवानगी असते. खालच्या निम्म्या उत्तरांचा उगम या एका गोष्टीत आहे.

(ही कल्पना अगदी नवीही नव्हती. जुन्या आर२ सिग्नलिंगमध्ये, म्हणजे एक्स्चेंजांच्या आपसातल्या निरोपांच्या पद्धतीत, कॉल करणाऱ्याची वर्गवारी सुरांनी पुढे पाठवली जायची. त्यात साधा ग्राहक, प्राधान्य असलेला ग्राहक, ऑपरेटर आणि डेटा असे वर्ग होते.)

हे नेमकं कुठे लिहिलेलं असतं?

आयएसडीएनमध्ये, म्हणजे ग्राहकापर्यंत डिजिटल असलेल्या टेलिफोन सेवेत, बोलण्याची वाहिनी वेगळी आणि निरोपांची वेगळी. बोलणं बी चॅनलवर, निरोप डी चॅनलवर. कॉल सुरू करणारा निरोप म्हणजे सेटअप. तो क्यू.९३१ या शिफारशीप्रमाणे बांधलेला असतो. त्याची पहिली आवृत्ती १९८४ची, आणि आजही पीआरआय ट्रंकचा (आयएसडीएनची मोठी, अनेक चॅनलांची लाइन) ट्रेस, म्हणजे निरोपांची नोंद, उघडला की तीच भाषा दिसते.

सेटअपमध्ये लहान लहान तुकडे असतात आणि प्रत्येकाला ओळखक्रमांक असतो. (हे क्रमांक आणि ट्रेसमधले बाइट सोळाच्या पायावर लिहितात, म्हणून त्यांत ए, सी अशी अक्षरं येतात.) बोलावलेला नंबर ७० मध्ये, बोलावणाऱ्याचा ६सी मध्ये, कुठला चॅनल वापरायचा ते १८ मध्ये. कॉलचा प्रकार ०४ मध्ये असतो. त्याचं नाव बेअरर कपॅबिलिटी, बोलताना सगळे नुसतं बीसी म्हणतात. सेटअपमध्ये बीसी असावाच लागतो, तो ऐच्छिक नाही.

ट्रेसमध्ये "०४ ०३ ८० ९० ए३" दिसतंय. हे वाचायचं कसं?

०४ म्हणजे बीसी, ०३ म्हणजे पुढे तीन बाइट आहेत. आता ते तीन.

८० बिटांत फोडला की १ ०० ०००००. पहिला १ सांगतो की या गटातला हा शेवटचा बाइट. ०० म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाण कोडिंग. उरलेले पाच बिट हा खरा जीव: ००००० म्हणजे स्पीच. तिथे ०१००० असते तर अनरिस्ट्रिक्टेड डिजिटल, ०१००१ असते तर रिस्ट्रिक्टेड डिजिटल, १०००० असते तर ३.१ किलोहर्ट्झ ऑडिओ, ११००० असते तर व्हिडिओ.

९० म्हणजे १ ०० १००००: सर्किट पद्धत, ६४ किलोबिट.

ए३ म्हणजे १ ०१ ०००११: पहिल्या थराचं कोडिंग, जी.७११ ए-लॉ, म्हणजे आवाजाचा नमुना ८ बिटांत लिहिण्याची एक पद्धत. उत्तर अमेरिकेतला किंवा जपानमधला ट्रेस असेल तर तिथे ए२ दिसेल, म्हणजे म्यू-लॉ ही दुसरी पद्धत.

थोडे दिवस ट्रेस वाचले की फोडाफोड करावी लागत नाही, नजरेलाच सवय होते. ८०९०ए३ स्पीच. ९०९०ए३ ऑडिओ. ८८९० शुद्ध डेटा. त्यात तिसरा बाइटच नसतो, कारण बिटांचा अर्थ काय याच्याशी नेटवर्कला देणंघेणंच नाही. नवख्यांची एक चूक हमखास होते. ९० हा आकडा पहिल्या जागी आला तर ऑडिओ आणि दुसऱ्या जागी आला तर ६४ किलोबिट. "ट्रेसमध्ये ९० आहे, म्हणजे ऑडिओ आहे" असं म्हणणाऱ्याला आधी विचारा, कितव्या जागी?

स्पीच आणि ३.१ किलोहर्ट्झ ऑडिओ यांत फरक काय? दोन्ही आवाजच ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

३.१ हा आकडा ३४०० मधून ३०० हर्ट्झ वजा करून येतो. टेलिफोनच्या आवाजाचा पट्टा तेवढाच. म्हणजे दोन्ही प्रकार कानाला सारखेच. फरक परवानगीचा आहे. "स्पीच" म्हटलं की नेटवर्क म्हणतं, पलीकडे माणसाचा कान आहे, त्याला फसवता येईल. मग ते आवाज ३२ किलोबिटांच्या एडीपीसीएममध्ये दाबू शकतं, शांततेचे क्षण दुसऱ्याच्या कॉलसाठी वापरू शकतं, प्रतिध्वनी सतत काढत राहू शकतं. "३.१ किलोहर्ट्झ ऑडिओ" म्हटलं की नेटवर्कला कळतं की हा आवाज यंत्रही ऐकत असेल. ए-लॉ, म्यू-लॉचं रूपांतर चालेल, पण फक्त बोलण्यासाठी बेतलेली दाबादाबी नको. प्रतिध्वनी काढणारं यंत्र मार्गावर असलं तरी चालतं, कारण त्याला गप्प करण्याची सोय सुरांतच आहे. उत्तर देणारा मॉडेम २१०० हर्ट्झचा सूर लावतो आणि दर ४५० मिलिसेकंदांनी त्याची फेज उलटवतो. ते ऐकून हे यंत्र, म्हणजे कॅन्सेलर, बाजूला होतं.

३२ किलोबिटांच्या एडीपीसीएममधून ४८०० पर्यंतचा मॉडेम कसाबसा निघतो. ९६०० वर चालणारा फॅक्स त्यात अडकतो.

माझाच अनुभव सांगतो. एका कार्यालयाच्या पीबीएक्सची तक्रार होती की सकाळी फॅक्स जातात, दुपारी जात नाहीत. फॅक्स मशीन दोनदा बदललं होतं. ट्रेस लावला तर सगळे कॉल ८०९०ए३, फॅक्सच्या पोर्टवरूनचेसुद्धा. बसवणाऱ्याने एकच साचा सगळ्या एक्स्टेन्शनना लावून टाकला होता. सकाळी गर्दी कमी, कॉल मुख्य मार्गाने जायचे, तिथे दाबादाबी नव्हती. दुपारी मुख्य मार्ग भरला की कॉल दुसऱ्या मार्गाने वळायचे, आणि त्या मार्गावर कॉम्प्रेशन होतं. बोलणाऱ्या कोणाचीच तक्रार नव्हती, कारण कानाला फरक कळतच नव्हता. फॅक्सच्या पोर्टला ८० चं ९० केलं. पुढच्याच दुपारी फॅक्स गेले. नवीन मशीन मात्र तोपर्यंत विकत घेऊन झालं होतं.

मग भानगडच नको, सगळे कॉल अनरिस्ट्रिक्टेड मागितले तर?

शुद्ध बिट मिळतील, पण फोन म्हणून त्याचा उपयोग होणार नाही. अनरिस्ट्रिक्टेडमध्ये नेटवर्क एकाही बिटाला हात लावत नाही. कॅन्सेलर बंद, पातळीचं समायोजन बंद, कोडिंगचं रूपांतर बंद. ए-लॉच्या देशातून म्यू-लॉच्या देशात बोलणं गेलं तर कानावर विद्रूप आवाज पडेल.

त्याच्या आधीच एक अडचण आहे: बहुतेक ठिकाणी कॉल पोचणारच नाही. वाटेतला प्रत्येक दुवा डिजिटल आणि पलीकडचं टोकही डिजिटल असल्याशिवाय नेटवर्क हा कॉल पुढे नेत नाही. साध्या ॲनालॉग फोनला शुद्ध बिट देऊन तो काय करणार? घंटा न वाजताच कॉल परत येतो.

"रिस्ट्रिक्टेड डिजिटल" हा काय प्रकार आहे? आणि ५६ किलोबिट कुठून आले?

उत्तर अमेरिकेतल्या जुन्या १५४४ किलोबिटांच्या टी१ लाइनींचा हा वारसा. त्या लाइनींवर घड्याळ जुळवून ठेवायला अधूनमधून "१" यावा लागायचा. सलग आठ शून्यांचा बाइट चालायचा नाही. अशा लाइनीवरून कॉल न्यायचा तर आधीच कबूल करायचं की सगळी शून्यं पाठवणार नाही. हीच ती रिस्ट्रिक्टेडची अट.

शिवाय दर सहाव्या फ्रेममध्ये प्रत्येक चॅनलचा सगळ्यात खालचा बिट सिग्नलिंगसाठी पळवला जायचा. आवाजात तेवढी खरखर कोणाला ऐकू येत नाही. डेटाच्या दृष्टीने मात्र तो बिट बेभरवशाचा, म्हणून सातच बिट वापरायचे. सात गुणिले आठ हजार म्हणजे ५६,०००. बीसीमध्ये हे ८८९०२१८एफ असं दिसतं: २१ म्हणजे व्ही.११० प्रमाणे वेग जुळवलाय, ८एफ मध्ये ५६ किलोबिटांचा आकडा.

यातून एक गमतीदार लबाडी जन्माला आली. काही ठिकाणी डेटा कॉलचा दर आवाजाच्या कॉलपेक्षा जास्त होता. मग लोक राउटरला सांगायचे, "बीसीमध्ये स्पीच लिही, आणि आत ५६ किलोबिटांचा डेटा घाल." दोन्ही टोकांना हे आधी ठरवून ठेवावं लागायचं, कारण सेटअप बघून पलीकडचा राउटर फसायचा. जवळच्या कॉलवर ते चालून जायचं. वाटेत एखादा कॅन्सेलर किंवा पातळी बदलणारा भेटला की डेटाचा चुराडा. नेटवर्क करारात बसणारंच वागत असल्यामुळे तक्रारीलाही जागा नाही.

साध्या ॲनालॉग फोनवरून कॉल केला तर प्रकार कोण ठरवतं?

एक्स्चेंज. त्या तारेवर फोन आहे, मॉडेम आहे की फॅक्स, हे एक्स्चेंजला दिसत नाही. म्हणून ते सावध पर्याय घेतं आणि सहसा ३.१ किलोहर्ट्झ ऑडिओ लिहितं. सोबत "कॉलची सुरुवात आयएसडीएनबाहेर झाली आहे" अशी चिठ्ठीही जोडतं, प्रोग्रेस इंडिकेटर क्रमांक ३. पलीकडचं टोक आयएसडीएनबाहेर असेल तर क्रमांक २ परत येतो. वाटेत सूर किंवा घोषणा वाजणार असेल तर क्रमांक ८.

बीसीशिवाय ७सी आणि ७डी असेही तुकडे दिसतात. ते कशासाठी?

७सी म्हणजे लो लेयर कम्पॅटिबिलिटी, ७डी म्हणजे हाय लेयर. बीसी नेटवर्कसाठी असतो, हे दोन मुख्यतः पलीकडच्या यंत्रासाठी. नेटवर्क ते बंद पाकिटासारखे पुढे देतं.

उदाहरण घेऊ. एका बीआरआय लाइनीच्या (आयएसडीएनची लहान, घरगुती लाइन) बसवर, म्हणजे सामायिक तारेवर, आठपर्यंत यंत्रं लावता येतात. समजा तिथे फोन, फॅक्स आणि संगणक आहेत, तिघांचा नंबर एकच. कॉल आला की एक्स्चेंज सेटअप कोणा एकाला देत नाही, सगळ्यांना मिळून ऐकवतं, प्रसारणाच्या १२७ या पत्त्यावर. आता प्रत्येक यंत्र स्वतःशी विचारतं, "हा माझा आहे का?" बीसी ८८९० दिसला की फोन आणि फॅक्स गप्प बसतात, संगणक उत्तर देतो. बीसी ९०९०ए३ दिसला की फोन आणि फॅक्स दोघंही हक्कदार. इथे ७डी कामाला येतो. ७डी ०२ ९१ ८१ म्हणजे टेलिफोनी, ७डी ०२ ९१ ८४ म्हणजे ग्रुप २ किंवा ३ चा फॅक्स. फोन वाजतच नाही, फॅक्स परस्पर उचलतो.

ऐकायला फारच छान वाटतं. मेख अशी की ७डी ऐच्छिक आहे. ॲनालॉगवरून आलेल्या फॅक्सला तो नसतोच. मग फोनही वाजतो, माणूस उचलतो आणि कानात किंचाळी ऐकतो. लोकांनी यावर साधा उपाय काढला: फॅक्सला वेगळा नंबर. माझं मत विचाराल तर तो उपाय मूळ योजनेपेक्षा सरस आहे.

कोणीच हक्क सांगितला नाही तर? एक्स्चेंज ४ सेकंद थांबतं, सेटअप पुन्हा एकदा ऐकवतं, आणखी थांबतं, मग कारणाचा आकडा १८ देऊन कॉल सोडतं: कोणी प्रतिसाद देत नाही.

जाडजूड शिफारशी बाजूला ठेवून हे सगळं प्रोग्रॅममध्ये हाताळायचं असेल तर कॅपी नावाच्या इंटरफेसने बीसी आणि ७डीच्या जोड्यांना साधे आकडे दिलेत: १ म्हणजे स्पीच, २ म्हणजे अनरिस्ट्रिक्टेड, ४ म्हणजे ३.१ ऑडिओ, १६ म्हणजे टेलिफोनी, १७ म्हणजे फॅक्स. कुठले आकडे ऐकायचे ते प्रोग्रॅम आधीच सांगून ठेवतो.

एक्स्चेंज ते एक्स्चेंज हा निरोप कसा जातो?

तिथे क्यू.९३१ नसतं, एसएस७ या एक्स्चेंजांमधल्या निरोपांच्या जाळ्यावरची आयसप ही भाषा असते. कॉल सुरू करणाऱ्या निरोपाचं नाव आयएएम. त्यात एक अनिवार्य बाइट असतो, ट्रान्समिशन मीडियम रिक्वायरमेंट, बोलीत टीएमआर. ० म्हणजे स्पीच, २ म्हणजे ६४ किलोबिट अनरिस्ट्रिक्टेड, ३ म्हणजे ३.१ किलोहर्ट्झ ऑडिओ, ६ म्हणजे ६४ किलोबिट मिळाले तर उत्तम. कुठल्या मार्गाने न्यायचं आणि कॅन्सेलर ठेवायचा की काढायचा, हे मधलं एक्स्चेंज या एका आकड्यावरून ठरवतं. ग्राहकाचा मूळ बीसी त्याच आयएएममध्ये वेगळ्या तुकड्यात, यूजर सर्व्हिस इन्फर्मेशनमध्ये, टोकापर्यंत जातो. अमेरिकी आयसपमध्ये टीएमआर नाही, तिथे हा तुकडाच अनिवार्य आहे.

आयएएममध्ये आणखी एक सूचना असते: वाटेत सगळीकडे आयसप हवंच, असलं तर बरं, की नसलं तरी चालेल. डेटा कॉलला "हवंच" लावतात. त्यामुळे मार्ग निवडतानाच जुनाट दुवे गळून पडतात.

गेटवे बसवताना एक गोष्ट बघाच. टीएमआर एक सांगतोय आणि मूळ बीसी दुसरंच, असं तर होत नाही ना? एखाद्या हुशार माणसाने एका ठिकाणी नियम लिहून स्पीचचं ऑडिओ केलेलं असतं आणि दुसरी जागा तशीच राहिलेली असते. मधली एक्स्चेंज एकावर चालतात, शेवटचं यंत्र दुसऱ्यावर.

"कॉलिंग पार्टी कॅटेगरी" म्हणजे कॉलचाच प्रकार ना?

नाही. ती कॉल करणाऱ्याची जात, कॉलची नव्हे. १० म्हणजे साधा ग्राहक, ११ म्हणजे प्राधान्यवाला, १३ म्हणजे चाचणीचा कॉल, १५ म्हणजे पेफोन. घोळ होतो तो १२ मुळे, कारण त्याचा अर्थ डेटा कॉल, म्हणजे आवाजाच्या पट्ट्यातला मॉडेम. आर२ ची ती जुनी वर्गवारी इथे शिल्लक राहिली आहे.

मोबाइलवर हे कसं चालतं?

जीएसएमने सेटअप आणि बीसीची कल्पना आयएसडीएनकडूनच उचलली. पण बाइटांची मांडणी वेगळी आहे, त्यामुळे वरचं कोष्टक तिथे लावू नका.

खरा फरक हवेतल्या दुव्याचा. फोनचा आवाज १३ किलोबिटांच्या कोडेकमध्ये दाबलेला असतो. त्यातून मॉडेमची शिट्टी जाणं अशक्य. मग मोबाइलवरून ९६०० चा डेटा कॉल कसा व्हायचा? फोन बीसीमध्ये सांगायचा, "डेटा, अमुक वेग, पलीकडे अमुक जातीचा मॉडेम." हवेतून नुसते बिट जायचे, आणि मॉडेम स्विचपाशी बसवलेल्या यंत्रात असायचा. तो तिथून शिट्टी वाजवायचा.

उलट दिशेला पंचाईत. साध्या टेलिफोनवरून मोबाइलवर येणारा फॅक्स "३.१ ऑडिओ" एवढंच सांगतो. आवाज समजून कोडेकमध्ये घातला की संपलं. यावर तोडगा असा: ग्राहकाला तीन नंबर द्यायचे, एक बोलण्याचा, एक फॅक्सचा, एक डेटाचा. कुठल्या नंबरला कुठला बीसी, ते एचएलआर या नोंदवहीत. कॉल आला की नंबरवरून प्रकार शोधायचा आणि ग्राहक जिथे असेल तिथल्या स्विचला कळवायचं. नंबर "कुठे" सांगतो असं वर म्हटलं होतं. इथे नेटवर्कने त्याच्याकडूनच "काय" वदवून घेतलं.

तिसऱ्या पिढीतले व्हिडिओ कॉल आठवत असतील तर तेही ६४ किलोबिट अनरिस्ट्रिक्टेडच होते, आतमध्ये चित्र आणि आवाज एकत्र गुंफलेला. फोन दुसऱ्या पिढीच्या टॉवरखाली गेला की तो प्रकार तिथे उपलब्ध नसायचा.

तातडीच्या मदतीच्या कॉलची गोष्ट वेगळी. जीएसएममध्ये त्यासाठी सेटअप न वापरता स्वतंत्र निरोप आहे, इमर्जन्सी सेटअप. नंबर ओळखून फोनच तो पाठवतो, आणि सिम नसतानाही पाठवू शकतो.

एका कॉलमध्ये ६४ किलोबिटांपेक्षा जास्त मागता येतात का?

येतात. ३८४ म्हणजे सहा चॅनल, १५३६ म्हणजे चोवीस, १९२० म्हणजे तीस. एकच कॉल म्हणून मागितलं की नेटवर्क सगळे चॅनल एकत्र आणि क्रमाने नेतं. सहा वेगळे कॉल लावून टोकाला जोडायचे झाले तर प्रत्येक कॉल वेगळ्या वाटेने, वेगळ्या उशिराने पोचेल आणि ती जुळवाजुळव यंत्रालाच करावी लागेल. तरीही व्हिडिओ कॉन्फरन्सवाल्यांनी बहुतेक हीच दुसरी वाट धरली, कारण एकेकटा ६४ चा कॉल कुठेही मिळायचा.

हवा तो प्रकार मिळाला नाही तर कॉल तुटतोच का?

आधी पर्याय सांगून ठेवला असेल तर नाही. एका सेटअपमध्ये दोन बीसी देता येतात: "हा द्या, नाहीतर तो चालेल." उच्च दर्जाच्या आवाजाच्या किंवा व्हिडिओच्या कॉलला जमलं तर पूर्ण ६४ किलोबिट, नाहीतर साधं बोलणं. आयसपमधला टीएमआर ६ त्यासाठीच. शेवटी काय मिळालं ते उत्तरात कळतं.

कॉल तुटण्याचं कारण प्रकार आहे, हे कसं ओळखायचं?

कारणाच्या आकड्यावरून. (हे आकडे मात्र साधे दशमान.) ५७: हा प्रकार तुम्हाला मंजूर नाही, म्हणजे वर्गणीचा प्रश्न, कंपनीशी बोला. ५८: मंजूर आहे पण आत्ता उपलब्ध नाही, थोड्या वेळाने बघा. ६५: आमच्याकडे हा प्रकार राबवलेलाच नाही, कितीही वेळा प्रयत्न केलात तरी उपयोग नाही. ७०: फक्त रिस्ट्रिक्टेड मिळेल. ८८: पलीकडचं यंत्र जुळणारं नाही.

८८ दिसला की लोक पलीकडच्याला दोष देतात. आधी आपण काय मागितलं ते बघा. राउटरच्या नंबरावर चुकून स्पीच गेला तरी ८८च येणार.

आता सगळं सिपवर, म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीने कॉल लावणाऱ्या भाषेवर, गेलंय. तिथे बीसी कुठे असतो?

असा एकच तुकडा नाही. इन्व्हाइट या कॉल सुरू करणाऱ्या निरोपासोबत एसडीपी नावाचं वर्णन जातं, त्यात माध्यमाच्या ओळी असतात: ऑडिओ, व्हिडिओ, फॅक्स इंटरनेटच्या पद्धतीने नेणाऱ्या टी.३८ साठी इमेज. ऑडिओच्या ओळीत कोडेकची यादी, ० म्हणजे म्यू-लॉ, ८ म्हणजे ए-लॉ, बाकीचे पुढे. ६४ किलोबिट शुद्ध बिट न्यायचे असतील तर त्यासाठी क्लिअरमोड नावाचा प्रकार २००५च्या आरएफसी ४०४० या इंटरनेटच्या दस्तऐवजात दिलाय.

पण "स्पीच" आणि "३.१ ऑडिओ" यांच्यातला तो नाजूक फरक या ओळींत नाही. ऑडिओ म्हणजे ऑडिओ. मग गेटवे काय करतो? कान लावून बसतो. फॅक्स करणाऱ्याचा ११०० हर्ट्झचा सूर, अर्धा सेकंद वाजणारा आणि तीन सेकंद थांबणारा, किंवा उत्तर देणाऱ्याचा २१०० हर्ट्झचा सूर ऐकू आला की तो मधेच पुन्हा इन्व्हाइट पाठवून टी.३८ वर जातो, नाहीतर जी.७११ वर येऊन कॅन्सेलर बंद करतो. जुनं नेटवर्क दारातच विचारायचं, नवं आत घेतं आणि चाहूल घेत बसतं. सूर ओळखायला उशीर झाला किंवा एका बाजूने नकार दिला की फॅक्स गेला.

कारणांचे आकडे सिपच्या उत्तरांत बदलायचा तक्ता २००२च्या आरएफसी ३३९८ मध्ये आहे. ५७ चं ४०३ होतं, ५८ चं ५०३, ६५ आणि ७० चं ४८८. ८८ चंही ५०३ होतं, आणि ते वाचून लोक सर्व्हर बंद पडला म्हणून धावतात. सिपच्या बाजूने ५०३ दिसला तर पीआरआयच्या बाजूचा मूळ आकडा बघितल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

माझा फॅक्स, मॉडेम किंवा कार्डचं यंत्र ट्रंकवरून चालत नाही. सुरुवात कुठून करू?

एक चालणारा आणि एक न चालणारा, असे दोन कॉल करा. दोघांचे सेटअप शेजारी शेजारी ठेवा आणि ०४ नंतरचे बाइट ताडून बघा. त्या पोर्टवरून ८० जात असेल तर ते ९० करा. आधीच ९० जात असेल तर तुमच्या गेटवेतून पलीकडे काय निघतंय ते बघा. आयसप असेल तर टीएमआर ३ आहे ना, सिप असेल तर यादीत जी.७११ पहिला आहे ना आणि शांतता दाबण्याची सोय बंद आहे ना. दोन्ही बाजू बरोबर असतील तरच कंपनीला फोन लावा. आणि त्यांना "फॅक्स जात नाही" असं सांगू नका. तारीख, वेळ, दोन्ही नंबर आणि "आमच्याकडून ९०९०ए३ गेलंय, तुमच्याकडून पुढे काय गेलं?" एवढं विचारा.